‘हुआरेझ’ (१९३९) : नाव एकाचे, चित्रपट दुसऱ्याचा

एप्रिल १९३९ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकी कंपनीचा ‘हुआरेझ’ हा चित्रपट न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. बेनितो हुआरेझ हा मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष. फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसरा याने आपल्या फौजांच्या बळावर मेक्सिकोच्या गादीवर मॅक्सिमिलियन नावाचा ऑस्ट्रियन राजपुत्र आणून बसवला, हुआरेझने ती गादी काही वर्षांत उलथवली आणि १९ जून १८६७ रोजी केरेतारो शहराबाहेरच्या टेकडीवर या परक्या बादशहाला गोळ्या घालण्यात आल्या, ही चित्रपटाची कथा. हुआरेझच्या भूमिकेत पॉल म्युनी होता, आणि त्या काळी वॉर्नरकडे त्याच्याइतका प्रतिष्ठेचा नट दुसरा नव्हता. असे असूनही ऑस्करचे नामांकन मिळाले ते मॅक्सिमिलियन साकारणाऱ्या ब्रायन अहर्नला, तेही सहायक अभिनेत्याच्या गटात. दुसरे नामांकन छायालेखक टोनी गॉडिओ याच्या वाट्याला आले. म्युनीचे नाव यादीत नव्हते.

पुरस्कारांवरून चित्रपटाची पारख करू नये हे मान्य केले, तरी या नामांकनाने एका खऱ्या दोषावर बोट ठेवले आहे. लोकशाहीचा कैवारी म्हणून ज्याचे नाव शीर्षकात झळकते तो माणूस प्रेक्षकाला आदरणीय वाटतो आणि दूरच राहतो. ज्याचा पराभव व्हायलाच हवा असे चित्रपट सांगतो, तो बादशहा मात्र मनात घर करतो. हे कसे घडले, कोणत्या निर्णयांमुळे घडले आणि त्यासाठी इतिहासाला कुठे कुठे मुरड घालावी लागली, हा या अभ्यासाचा विषय आहे.

कर्जापासून मुकुटापर्यंत

मेक्सिकोत १८५८ ते १८६१ अशी तीन वर्षे उदारमतवादी आणि चर्चच्या पाठीशी असलेले परंपरावादी यांच्यात यादवी युद्ध झाले. उदारमतवादी जिंकले, पण हाती आली ती रिकामी तिजोरी. १७ जुलै १८६१ रोजी हुआरेझच्या सरकारने परदेशी कर्जांची फेड दोन वर्षांसाठी थांबवली आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला इंग्लंड, स्पेन व फ्रान्स यांनी लंडनमध्ये करार करून वसुलीसाठी व्हेराक्रूझ बंदरात सैन्य उतरवण्याचे ठरवले. फ्रान्सला वसुलीपेक्षा अधिक काही हवे आहे हे लक्षात येताच पहिले दोघे १८६२ च्या एप्रिलमध्ये बाहेर पडले. ५ मे १८६२ रोजी पुएब्ला येथे मेक्सिकन सैन्याने फ्रेंचांना मागे रेटले. मेक्सिकोत तो दिवस आजही साजरा होतो. मात्र पुढच्या वर्षी वाढीव कुमक घेऊन फ्रेंच परत आले आणि जून १८६३ मध्ये राजधानीत शिरले. अमेरिकेची संयुक्त संस्थाने तेव्हा स्वतःच्या यादवीत गुंतलेली होती, त्यामुळे युरोपीय सत्तांना अमेरिका खंडात पाय रोवू न देण्याचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष मन्रो यांचे धोरण कागदावरच राहिले.

गादीसाठी निवडलेला मॅक्सिमिलियन हा ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ याचा धाकटा भाऊ. वय ३१. ऑस्ट्रियाच्या नौदलाचे प्रमुखपद त्याने सांभाळले होते, लोम्बार्दी-व्हेनेशिया या इटालियन प्रांतांचा कारभारही दोन वर्षे पाहिला होता, आणि आता तो त्रिएस्तजवळच्या मिरामारे वाड्यात बागा व पुस्तकांमध्ये रमलेला, पण मोठे काम हाती नसल्याने अस्वस्थ होता. पत्नी कार्लोटा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड पहिला याची कन्या. नवऱ्यापेक्षा करारी आणि राजपदाची जास्त ओढ असलेली. मेक्सिकोच्या जनतेने बोलावले तरच जाईन, अशी अट मॅक्सिमिलियनने घातली होती. फ्रेंच फौजांच्या ताब्यातील गावांमधून अनुकूल ठराव गोळा झाले आणि अट पूर्ण झाल्याचे त्याने मान्य केले. ९ एप्रिल १८६४ रोजी त्याने ऑस्ट्रियाच्या गादीवरील हक्क सोडला आणि दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा मुकुट स्वीकारला.

त्या वेळी झालेला मिरामारेचा करार बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण बादशाहीचे मरण त्यातच लिहिलेले होते. जुलै १८६४ पर्यंतच्या फ्रेंच मोहिमेचा खर्च म्हणून मेक्सिकोने २७ कोटी फ्रँक द्यायचे होते आणि त्यानंतर प्रत्येक फ्रेंच सैनिकामागे वर्षाला १,००० फ्रँक. ज्या कर्जाचे निमित्त करून स्वारी झाली, ते आधीच फेडता येत नव्हते. आता स्वारीचा खर्चही कर्जदाराच्याच माथी आला. मोबदल्यात नेपोलियनने गुप्त कलमांमधून सैन्य टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे आणि १८६७ मध्येही २०,००० सैनिक मेक्सिकोत ठेवण्याचे वचन दिले होते. मॅक्सिमिलियनने या कागदावर सही केली आणि ‘नोव्हारा’ या युद्धनौकेवरील प्रवासात तो आपल्या नव्या दरबाराच्या शिष्टाचाराची जाडजूड नियमावली तयार करू लागला. २८ मे रोजी जहाज व्हेराक्रूझला लागले, तेव्हा स्वागताला रस्त्यांवर फारसे कोणी नव्हते. कार्लोटाला रडू आवरले नाही, असे सांगितले जाते.

एका नाटकाचे ओझे

दिग्दर्शक विल्यम डीटर्ले याने याआधी म्युनीला घेऊन शास्त्रज्ञ पाश्चर आणि लेखक झोला यांचे चरित्रपट केले होते. पाश्चरच्या भूमिकेने म्युनीला ऑस्कर मिळवून दिले, तर झोलावरचा चित्रपट १९३७ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. ‘थोर माणसाचे चरित्र’ हा साचा वॉर्नरच्या हाती पक्का बसला होता आणि हुआरेझ त्यात सहज बसेल, असा अंदाज असावा. जॉन ह्यूस्टन, ईनियस मॅकेन्झी आणि वोल्फगांग राइनहार्ट या तिघांनी पटकथा लिहिली. तिचे आधार दोन होते : बर्टिटा हार्डिंग यांचे मॅक्सिमिलियन व कार्लोटा यांच्यावरील पुस्तक आणि फ्रान्झ वेर्फेल यांचे जर्मन नाटक. दोन्हींच्या मध्यभागी बादशहा आहे. वेर्फेल यांच्या नाटकात तर हुआरेझचे नाव शीर्षकात असूनही तो रंगमंचावर एकदाही येत नाही. त्याच्याविषयी बोलले जाते, त्याची वाट पाहिली जाते, त्याचे हुकूम येतात. माणूस दिसत नाही. नियतीला चेहरा नसतो, हे दाखवण्याची ही युक्ती रंगमंचावर चोख होती.

वॉर्नरला मात्र त्या रिकाम्या जागी आपला सर्वांत मोठा नट उभा करायचा होता. परिणामी पटकथेचे दोन तुकडे झाले. मॅक्सिमिलियन-कार्लोटाची गोष्ट नाटकातून जवळजवळ तयार मिळाली, तिच्यात चढउतार होते, घरगुती प्रसंग होते, चुका आणि पश्चात्ताप होते. हुआरेझची गोष्ट मात्र वेगळी लिहून तिच्या शेजारी ठेवावी लागली. चित्रीकरणही बरेचसे असेच सुटे झाले : आधी राजवाड्याकडचा भाग, मग म्युनीचा. हुआरेझ आणि मॅक्सिमिलियन जिवंतपणी समोरासमोर येत नाहीत, हे इतिहासाला धरूनच आहे. पण नायक आणि प्रतिनायक यांची गाठच पडत नसेल, तर त्यांच्यातला संघर्ष पत्रांनी, निरोपांनी आणि तिसऱ्या माणसाच्या तोंडून दाखवावा लागतो. पटकथेचा निम्मा शीण त्यातच गेलेला जाणवतो.

म्युनीने स्वतःची अडचण आणखी वाढवली. खरा हुआरेझ सापोतेक जमातीचा, ओआहाका प्रांतातील गेलाताओ या डोंगरी गावात १८०६ मध्ये जन्मलेला, लहानपणीच आईवडील गमावलेला आणि स्पॅनिश भाषा उशिरा शिकून वकील, न्यायाधीश व प्रांताचा गव्हर्नर झालेला; उंची जेमतेम साडेचार फूट, अंगात नेहमी काळा कोट, चेहऱ्यावर भावना क्वचित. छायाचित्रांत तो असाच दिसतो. म्युनीने तोच चेहरा रंगभूषेच्या थरांतून उभा केला, आवाज खाली आणला, हालचाली मोजक्या केल्या. मेहनत निर्विवाद आहे, पण चेहरा रंगाखाली आणि आवाज संयमाखाली दबल्यावर अभिनयाला उरते ते चालणे आणि बोलणे, आणि बोलण्यात पटकथाकारांनी बहुधा सुभाषितेच घातली आहेत. भिंतीवर लिंकनचे चित्र टांगून त्याच्याशी नाते जोडलेले आहे, आणि ते प्रेक्षकाच्या नजरेतून सुटू नये याची अवाजवी काळजी घेतलेली आहे.

समोर अहर्नचा मॅक्सिमिलियन आहे : मधोमध विभागलेली सोनेरी दाढी, मृदू आवाज, कुणाला दुखवायचे नाही असा स्वभाव. आपल्याला का आणले गेले हे कळल्यावर तो पद सोडायला निघतो आणि कार्लोटाच्या आग्रहामुळे थांबतो. त्याला निवड करावी लागते, ती चुकते, आणि चुकल्याचे त्याला कळते. नाट्य ज्याच्याकडे निवड असते त्याच्याकडे जाते, आणि या पटकथेत हुआरेझला निवडच दिलेली नाही. तो पहिल्या प्रसंगापासून बरोबर आहे आणि शेवटपर्यंत बरोबर राहतो.

खऱ्या हुआरेझचे तसे नव्हते. १८६५ च्या अखेरीस त्याची मुदत संपत होती, युद्धामुळे निवडणूक घेणे अशक्य होते, आणि घटनेनुसार पद आपल्याकडे यावे असा दावा सर्वोच्च न्यायालयाचा प्रमुख हेसुस गोन्झालेस ओर्तेगा करत होता. हुआरेझने स्वतःच्या अधिकारात स्वतःची मुदत वाढवली. लोकशाहीसाठी लढणाऱ्या माणसाने निवडणुकीविना पदावर राहणे, हा प्रश्न कोणत्याही पटकथाकाराला सोन्यासारखा वाटायला हवा होता. चित्रपटाने तो दूर ठेवला आणि त्याजागी उराडी नावाचा एक काल्पनिक, दगाबाज उपाध्यक्ष आणला, जो अमेरिकेहून आलेली शस्त्रे पळवतो आणि ज्याच्या बंदूकधारी माणसांसमोरून हुआरेझ एकटा, निःशस्त्र चालत जातो. प्रसंग देखणा आहे. त्याने हुआरेझचे धैर्य सिद्ध होते, पण त्याच्या मनात काय चालले होते हे कळत नाही.

दिआझच्या तोंडचा निरोप

दोन सुट्या गोष्टींना जोडणारा एक प्रसंग मात्र चित्रपटाला साधला आहे, आणि माझ्या मते संपूर्ण चित्रपटाची खरी उंची तिथेच आहे. हुआरेझचा तरुण सेनानी पोर्फिरिओ दिआझ मॅक्सिमिलियनला भेटतो आणि भारावून परत येतो. हा माणूस जुलमी नाही, गरिबांची त्याला कणव आहे, जमिनी परत जमीनदारांच्या घशात घालायला तो तयार नाही; तो हुआरेझला पंतप्रधानपद देऊ करतो आहे. मग आपण लढतो आहोत ते कशासाठी? दिआझचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि प्रेक्षकाचाही तोच आहे. हुआरेझ त्याला शांतपणे समजावतो की आपल्यात आणि त्याच्यात फरक फक्त लोकशाही या एका गोष्टीचा आहे : चांगला राजा लोकांचे भले स्वतःच्या मर्जीने करतो, आणि मर्जीवर मिळालेले भले हे हक्काचे नसते.

या प्रसंगामागे वस्तुस्थिती आहे. मॅक्सिमिलियनने हुआरेझला सहकार्यासाठी खरोखरच पत्र लिहिले होते, आणि २८ मे १८६४ रोजी, म्हणजे बादशहा किनाऱ्याला लागला त्याच दिवशी, हुआरेझने माँतेरेहून त्याला नकाराचे उत्तर पाठवले. त्याच्या शेवटी इतिहासच आपला न्याय करील, अशा अर्थाचे बजावणे होते. मॅक्सिमिलियनचा उदारपणाही कल्पित नाही. चर्चच्या जप्त जमिनी परत करण्यास त्याने नकार दिला आणि ज्या परंपरावाद्यांनी त्याला आणले त्यांनाच दुखावले. १ नोव्हेंबर १८६५ च्या हुकमाने त्याने शेतमजुरांचे कामाचे तास मर्यादित केले, फटक्यांच्या शिक्षेवर बंदी घातली आणि मजुराला कर्जाच्या जोरावर जखडून ठेवण्याला आळा घातला. काही हुकूम त्याने नाउआत्ल या स्थानिक भाषेतही काढले. चित्रपट या बाजूला न्याय देतो.

दुसरी बाजू तो गाळतो. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बादशहाने अमेरिकेच्या यादवीत हरलेल्या दक्षिणेकडच्या जमीनदारांना मेक्सिकोत वसाहतीसाठी जमिनी देऊ केल्या, आणि सोबत आणलेल्या मजुरांना वर्षानुवर्षांच्या करारांनी बांधून ठेवण्याची मुभा दिली; गुलामगिरी मागच्या दाराने आत घेण्याचाच तो प्रकार होता. भिंतीवर लिंकन टांगणाऱ्या चित्रपटासाठी याहून धारदार विरोध दुसरा कोणता? तो वापरला असता, तर दिआझला समजावण्यासाठी हुआरेझला सिद्धांत सांगावा लागला नसता. एक कागद पुढे सरकवला असता, तरी पुरले असते.

आणखी एक योगायोग असा की ज्याला लोकशाहीचा धडा दिला जातो तो दिआझ १८७१ मध्ये हुआरेझविरुद्धच बंड करून उठला, १८७६ मध्ये सत्तेवर आला आणि मधली काही वर्षे सोडली तर १९११ पर्यंत देशावर हुकूमशहासारखा बसून राहिला; त्याला हटवायला क्रांती करावी लागली. जॉन गारफील्डचा भाबडा, न्यूयॉर्कच्या गल्लीतले इंग्रजी बोलणारा दिआझ गुरूचे बोल श्रद्धेने ऐकतो आहे, हे दृश्य मेक्सिकन प्रेक्षकाने कसे पाहिले असेल याची कल्पना करता येते.

काळा हुकूम

मॅक्सिमिलियनला निर्दोष ठेवण्याच्या प्रयत्नात चित्रपटाची सर्वांत मोठी कसरत ३ ऑक्टोबर १८६५ च्या हुकमापाशी होते. मेक्सिकोच्या इतिहासात तो ‘काळा हुकूम’ म्हणूनच ओळखला जातो. सशस्त्र टोळीत पकडलेल्या माणसाला लष्करी न्यायालयाने दोषी ठरवून २४ तासांच्या आत ठार मारायचे, दयेचा अर्ज पुढे पाठवायचा नाही, असा त्याचा आशय होता. प्रजासत्ताकाचे सैनिक सैनिक नसून दरोडेखोर आहेत, असेच त्यातून जाहीर होत होते. हुआरेझ देश सोडून अमेरिकेत गेला, अशी खबर त्या वेळी बादशहाला देण्यात आली होती. ती खोटी होती. हुआरेझ उत्तर सीमेवरच्या पासो देल नोर्ते या गावात होता आणि त्याने मेक्सिकोची भूमी सोडलेली नव्हती.

चित्रपटात हा हुकूम मेक्सिकोतील फ्रेंच सैन्याचा प्रमुख मार्शल बाझेन आणि सत्तेभोवतीचे लोक बादशहाकडून नाइलाजाने काढून घेतात. सही करणारा हात त्याचा, इच्छा इतरांची. बाझेनचा दबाव होता हे खरे आहे. पण सही करणारा ३३ वर्षांचा सज्ञान माणूस होता, त्याच्यापुढे मंत्रिमंडळ होते, आणि हुकूम निघाल्यावर तो मागे घेण्यासाठी त्याच्यापाशी वेळही होता. २१ ऑक्टोबरला उरुआपान येथे प्रजासत्ताकाचे सेनानी आर्तेआगा आणि सालासार यांना गोळ्या घालण्यात आल्या. हे दोघे नियमित सैन्याचे अधिकारी होते, टोळीवाले नव्हते. दीड वर्षाने केरेतारोच्या न्यायालयात बादशहावर जे आरोप ठेवले गेले, त्यांत या हुकमाचे वजन मोठे होते. चित्रपटाने हा दुवा ढिला केल्यामुळे शेवटची शिक्षा कायद्याचा परिणाम वाटण्याऐवजी दुर्दैव वाटते.

मुलाच्या बाबतीतही हेच झाले. अपत्यहीन बादशहा-बेगम मेक्सिकोचा पूर्वीचा सम्राट इतुर्बिदे याच्या लहान नातवाला वारस म्हणून जवळ घेतात, हा पडद्यावर वात्सल्याचा भाग आहे. प्रत्यक्षात १८६५ च्या सप्टेंबरात इतुर्बिदे कुटुंबाशी पैशांचा करार झाला, मुलाची अमेरिकी आई काही दिवसांतच पस्तावून मूल परत मागू लागली, तेव्हा तिला देशाबाहेर पाठवून देण्यात आले. बादशाही कोसळू लागल्यावरच तिला तिचे मूल मिळाले.

कार्लोटा पॅरिसला जाते

१८६५ मध्ये अमेरिकेची यादवी संपली आणि परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांनी फ्रान्सवर दबाव आणला. युरोपात प्रशियाचे सामर्थ्य वाढत होते, मोहिमेचा खर्च फ्रान्समध्ये अप्रिय झाला होता. नेपोलियनने १८६६ च्या आरंभी सैन्य माघारी घेण्याचे जाहीर केले. मिरामारेच्या गुप्त कलमांना वर्षभर आधीच तिलांजली मिळाली. जुलैत कार्लोटा स्वतः युरोपला निघाली आणि ऑगस्टमध्ये तिने सेंट-क्लाऊडच्या राजवाड्यात नेपोलियनची भेट घेतली.

बेट डेव्हिस आणि क्लॉड रेन्स यांच्यातील हा प्रसंग अभिनयाच्या दृष्टीने चित्रपटातील सर्वांत जिवंत आहे. रेन्सचा नेपोलियन धूर्त आहे आणि मनातून भित्रा आहे. दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली की त्याची नजर दुसरीकडे वळते. डेव्हिसची कार्लोटा विनवणीपासून संतापाकडे आणि संतापातून भ्रमाकडे जाते, आपल्याला विष घातले जात आहे असे तिला वाटू लागते. बोलण्यातील एकेक धागा तुटत जाताना दिसतो, आणि तो दिसावा यासाठी डेव्हिसने आरंभीच्या प्रसंगांत आवाज मुद्दाम ताब्यात ठेवलेला आहे. म्युनीच्या संयमाला पुढे कुठेच सुटका मिळत नाही, डेव्हिसच्या संयमाला इथे मिळते.

प्रत्यक्षात भ्रम पूर्णपणे उघड झाला तो त्यानंतर रोममध्ये. पोप पायस नववे यांच्या भेटीत तिने भुकेपोटी त्यांच्या पेल्यातील चॉकलेटमध्ये बोटे बुडवली, कारण तेवढेच विषमुक्त असल्याची तिला खात्री होती, अशी हकिकत आहे; त्या रात्री तिने व्हॅटिकन सोडण्यास नकार दिला. त्यानंतर ती साठ वर्षे जगली आणि १९ जानेवारी १९२७ रोजी बेल्जियममधील बाउशाऊटच्या गढीत वारली. म्हणजे चित्रपट झळकला तेव्हा तिला जाऊन जेमतेम बारा वर्षे झाली होती.

व्हिएन्नाहून आलेली माणसे

सहानुभूती मॅक्सिमिलियनकडे झुकण्याचे एक कारण पटकथेबाहेर, चित्रपट करणाऱ्या माणसांमध्ये शोधावे लागते. प्रचलित वाचन असे आहे की १९३९ मध्ये नेपोलियन तिसरा हा हिटलर-मुसोलिनीचा मुखवटा होता, दुबळ्या देशावर खोटे सार्वमत लादून सत्ता बळकावण्याची गोष्ट ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियाची आठवण देणारी होती, आणि शेजारी लॅटिन देशांशी सलोखा ठेवण्याच्या रूझवेल्ट यांच्या धोरणालाही ती पोषक होती. हे बरोबर आहे. वॉर्नरने त्याच वसंतात नाझी हेरांवरचा चित्रपटही आणला होता.

पण ही माणसे कोण होती तेही पाहू. डीटर्ले जर्मनीतून आलेला, मॅक्स राइनहार्ट यांच्या नाटकमंडळीत नट म्हणून घडलेला. पटकथाकार वोल्फगांग हा त्याच राइनहार्ट यांचा मुलगा. मूळ नाटककार वेर्फेल प्रागचे, व्हिएन्नात स्थायिक झालेले आणि १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर देशोधडीला लागलेले. संगीतकार एरिश वोल्फगांग कोर्नगोल्ड व्हिएन्नात बालवयातच नावारूपाला आलेला; त्याच वर्षी तोही हॉलिवूडमध्ये अडकून पडला आणि परतीची वाट बंद झाली. ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचे हाब्सबुर्ग साम्राज्य बुडालेले, त्यानंतरचे ऑस्ट्रियाही गेलेले. या सर्वांच्या दृष्टीने मिरामारेचा सुसंस्कृत, पुस्तकांत रमणारा, परक्या देशात अडकलेला राजपुत्र हा साम्राज्यशहा कमी आणि आपल्यातला अधिक होता. लोकशाहीचे भाषण त्यांनी हुआरेझला दिले आणि स्वतःचे दुःख मॅक्सिमिलियनला, असे मला वाटते.

कोर्नगोल्डच्या संगीतात हे स्पष्ट ऐकू येते. ‘ला पालोमा’ हे गाणे कार्लोटा-मॅक्सिमिलियनच्या नात्याभोवती फिरत राहते, पण खरी माया त्याने स्वतः रचलेल्या प्रेमाच्या सुरावटीत ओतली आहे. ती त्याला इतकी प्रिय होती की पुढे व्हायोलिन कॉन्चेर्तोच्या पहिल्या भागात त्याने ती पुन्हा घेतली. १९४७ मध्ये याशा हायफेट्झने पहिल्यांदा वाजवलेली ही रचना कोर्नगोल्डने आल्मा माहलर-वेर्फेल यांना, म्हणजे त्याच नाटककाराच्या विधवेला अर्पण केली.

केरेतारो आणि ‘क्षमा कर’

फ्रेंच निघणार हे ठरल्यावर मॅक्सिमिलियन युरोपला परत जाऊ शकत होता. ओरिसाबापर्यंत जाऊन तो माघारी फिरला. केरेतारोत त्याच्या सैन्याला वेढा पडला, दोन महिने चालला आणि १५ मे १८६७ रोजी शहर पडले. त्याच्याच सैन्यातील कर्नल मिगेल लोपेस याने शत्रूला वाट दाखवली, असा आरोप तेव्हापासून आहे. शहरातील इतुर्बिदे नाट्यगृहात लष्करी न्यायालय बसले. आधार होता २५ जानेवारी १८६२ च्या कायद्याचा. परकीय आक्रमणाला साथ देणाऱ्यास मृत्युदंड सांगणारा तो कायदा मॅक्सिमिलियन मेक्सिकोत येण्याच्या आधीच झालेला होता. व्हिक्टर ह्यूगो आणि गारिबाल्दी या प्रजासत्ताकवाद्यांनीही दयेची विनंती केली. मॅक्सिमिलियनच्या बाजूने लढलेला राजपुत्र साल्म-साल्म याच्या पत्नीने हुआरेझपुढे गुडघे टेकले. हुआरेझने नकार दिला. १९ जूनच्या सकाळी मॅक्सिमिलियनने मधली मानाची जागा आपला सेनानी मिरामोन याला दिली, नेमबाजांच्या हाती सोन्याची नाणी ठेवली आणि मिरामोन व दुसरा सेनानी मेहिया यांच्यासह तो मरणाला सामोरा गेला. मरणापुरता तो खरोखरच राजा होता, हे त्याच्या शत्रूंनीही मानले.

चित्रपट इथपर्यंत नीट येतो, आणि मग शेवटच्या दृश्यात हुआरेझला देवळात ठेवलेल्या शवपेटीपाशी आणून त्याच्या तोंडून ‘क्षमा कर’ असे शब्द वदवतो. या दोन शब्दांनी सबंध चित्रपटाचा तोल ढळतो. दिआझला दिलेले उत्तर जर खरे असेल, तर हुआरेझला हळहळ वाटावी, क्षमा मागण्याचे कारण नाही. उलट, दया नाकारण्यामागे त्याची कारणे होती : जिवंत मॅक्सिमिलियन युरोपात परतला असता तर प्रत्येक असंतुष्ट सेनानीला झेंडा म्हणून तो उपलब्ध राहिला असता, काळ्या हुकमाने मेलेल्यांच्या बायकामुलांना उत्तर द्यायचे होते, आणि दुर्बळ देशावर राजा लादण्याचा जुगार हरल्यावर खेळणारा सुखरूप घरी जातो, हा पायंडा पडू द्यायचा नव्हता. यांतील एखादे कारण म्युनीच्या तोंडी घातले असते, तर हुआरेझ अखेरीस का होईना माणूस झाला असता.

फ्रेंच चित्रकार एदुआर माने याने हाच विषय १८६७ ते १८६९ या काळात पुन्हा पुन्हा रंगवला, त्यातील अखेरचे मोठे चित्र आज मानहाइमच्या संग्रहालयात आहे. त्याने गोळ्या झाडणाऱ्यांना फ्रेंच सैनिकांसारखे गणवेश दिले आणि मृत्यूची जबाबदारी थेट पॅरिसवर टाकली. फ्रेंच सरकारने ते चित्र मांडू दिले नाही. चित्रपटाचा आरोपही पॅरिसवरच आहे, रेन्सचा नेपोलियन त्यासाठीच आहे. फरक इतकाच की माने कुणाला क्षमा मागायला लावत नाही.

हुआरेझ १५ जुलै १८६७ रोजी राजधानीत परतला. मॅक्सिमिलियनचे शव त्याने लगेच दिले नाही. ऑस्ट्रियाने रीतसर सरकारी पातळीवर मागणी केल्यावरच ते नौसेनापती टेगेटहॉफ याच्या हवाली करण्यात आले आणि ‘नोव्हारा’ने ते युरोपला नेले. ज्या ऑस्ट्रियाने मेक्सिकोचे प्रजासत्ताक सरकार मानलेच नव्हते, त्याला पत्र त्याच सरकारच्या नावे लिहावे लागले.